किड्यांच्या संगतीने बोलणं: चार ते पाच वर्षांच्या मुलांसोबतच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै: आखणी

मुलांना वीस किड्यांची नावं पाठ झाली की भाषा वाढली, असं समजायचं नाही, हे आधीच ठरवलं. चित्रातला किडा दाखवला तर मूल एक नाम बोलतं आणि थांबतं. जिवंत किडा समोर चालत असला तर त्याला क्रियापद लागतं. आणि क्रियापद आलं की कुठे, कसा, कशाने, मग पुढे काय, हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. म्हणून या प्रकल्पाचं लक्ष क्रियापदांवर.

लक्ष ठेवायच्या गोष्टी चार: हालचालीची क्रियापदं, जागा सांगणारे शब्द, लिंग-वचन आणि शब्दातले तुकडे कानाने ओळखणं. अक्षरं गिरवणं यात नाही.

एका गटात पाच मुलं, एक मोठं माणूस. एक सत्र २० मिनिटांचं, आठवड्यातून तीनदा. पाचाच्या वर मुलं गेली की बरणीभोवती डोकी आपटतात, मागचं मूल काहीच पाहत नाही आणि त्यामुळे काहीच बोलत नाही.

नोंदवहीत बरोबर-चूक अशी खूण करायची नाही. मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत, आहे तसं लिहायचं. 'अळी फांदीवर झोपलीय वाटतं' यातलं 'वाटतं' हे बरोबरच्या खुणेत कधीच दिसणार नाही, आणि तेच सगळ्यात मोलाचं.

४ जुलै: सामान

रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, साधारण एक लिटरची, प्लास्टिकची. झाकण वापरायचं नाही. तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा आणि रबर बँड. झाकणाला भोकं पाडली तरी आत वाफ धरते, ओल्या पानाला बुरशी येते आणि अळी मरते.

हातभिंग तीन ते पाच पट मोठं दाखवणारं, मुलागणिक एक. मुलं भिंग डोळ्यापासून लांब धरून किड्याजवळ नेतात आणि धूसर दिसलं की सोडून देतात. उलटं शिकवायचं: भिंग डोळ्याजवळ स्थिर, आणि बरणी हळूहळू जवळ आणायची. भिंगातून सूर्याकडे पाहायचं नाही, भिंग उन्हात टाकून ठेवायचं नाही.

रंगकामाचा मऊ ब्रश, किडा उचलायला. बोटांच्या चिमटीत छोट्या अळीचं अंग चेपतं.

हात न लावायचे जीव: मधमाशी, गांधीलमाशी, लाल मुंग्या आणि कोणताही केसाळ सुरवंट. सुरवंटाचे केस त्वचेत घुसून खाज आणि पुरळ येतो. कुठल्या मुलाला डंखाची ॲलर्जी आहे, हे पालकांना सुरुवातीलाच विचारून घ्यायचं. प्रत्येक सत्रानंतर साबणाने हात धुणं.

७ जुलै: मुंग्या

काळ्या लहान मुंग्यांची चालू रांग शोधली. रांगेच्या वाटेत पांढरा कागद अंथरला, एका टोकाला साखरपाण्याचा थेंब ठेवला (एक चमचा साखर, तीन चमचे पाणी). मुंग्यांना थेंब सापडून नवी रांग लागेपर्यंत १५-२० मिनिटं जातात. ती मुलं येण्याआधी जायला हवीत, नाहीतर सत्र रिकामा कागद पाहण्यात संपतं.

पहिल्या गटात प्रश्न चुकले. 'हे काय आहे?' याला उत्तर 'मुंगी'. 'पाय किती?' याला उत्तर 'सहा', तेही अंदाजाने. दोन्ही प्रश्नांना एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून मुलं एकच शब्द देतात. दुसऱ्या गटात दोनच प्रश्न ठेवले: 'काय करतेय?' आणि 'मग?' प्रश्न विचारल्यावर मनात पाच मोजायचे. हे पाच आकडे मोठ्यांना फार जड जातात. तिसऱ्या आकड्यालाच उत्तर तोंडात भरवायचा मोह होतो.

मूल जे बोललं त्यात एक भर घालून परत द्यायचं, इतकंच. 'मुंगी चालतेय.' 'हो, मुंगी काठाकाठाने चालतेय.' दोन भरी घातल्या की मूल ऐकणं सोडतं.

दुसऱ्या गटाने पाहिलं: समोरासमोर आलेल्या मुंग्या क्षणभर थांबतात आणि डोक्यावरचे दोन धागे एकमेकींना लावतात. एक मूल म्हणालं, 'मिशा लावतात.' हा शब्द काढून घ्यायचा नाही. 'हो, मिशांनी हुंगतायत. या मिशांना स्पर्शिका म्हणतात.' पुढच्या वाक्यात मुलं मिशाच म्हणतील, आणि म्हणू द्यावं.

मग कागदावरची वाट ओल्या फडक्याने बोटभर रुंद पुसली. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, माग पुसला की पट्ट्याच्या कडेला अडतात. या एका मिनिटात जितकी क्रियापदं मिळाली तितकी आधीच्या पंधरा मिनिटांत नव्हती. थबकली, घुटमळतेय, मागे फिरली, चाचपतेय, वाट चुकली. 'घुटमळणे' मुलांना नवा होता. मुंगी प्रत्यक्ष घुटमळत असताना ऐकला, म्हणून अर्थ सांगावा लागला नाही.

९ जुलै: जागेचे शब्द

मुलं 'इथे' म्हणतात आणि बोट दाखवतात. दोघांनाही दिसत असताना 'इथे' पुरतंच, जास्त बोलायचं कशाला? म्हणून पाहणारा आणि ऐकणारा वेगळे केले. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे खरी फांदी आणि तिच्यावर किडा, दुसऱ्याकडे तशीच फांदी आणि कापडाची मुंगी. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने मुंगी ठेवायची, मग वळून ताडून पाहायचं.

मराठीची एक बारकाई इथे आडवी आली. मुंगी 'पानावर' असते, पण चतुर 'पानाच्या वर' उडतो. पानावर म्हणजे टेकून, पानाच्या वर म्हणजे हवेत. मोठे लोकही घाईत दोन्ही एकच बोलतात आणि मग मूल कापडाची मुंगी हवेत धरून बसतं. खालच्या बाजूचंही तसंच. पानाच्या पाठीला चिकटलेला किडा आणि पानाखाली जमिनीवर पडलेला किडा, दोघांनाही 'खाली' म्हटलं तर खेळ फसतो. 'पाठीला चिकटलाय' हा शब्दप्रयोग दिला आणि गोंधळ थांबला.

याच सत्रासाठी आणलेल्या लिंबाच्या फांदीवर, कोवळ्या पानाच्या कडेला, फिकट पिवळं गोल अंडं सापडलं, जेमतेम एक मिलिमीटरचं. लिंबावरच्या फुलपाखराचं. फांदी बरणीत ठेवली. अंड्यापासून सुरुवात झाली हे बरं: बाहेर वाढलेली अळी आणली तर तिच्या अंगात परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीच्या जातीतल्या किड्याने आधीच अंडी घातलेली असू शकतात, आणि मग कोशातून फुलपाखराऐवजी माशी बाहेर येते.

१२ जुलै

अळी बाहेर आली. स्वतःच्या अंड्याचं कवच खात होती. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी केली आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद केलं. हा कापूस विसरला तर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. बरणी थेट उन्हात ठेवायची नाही.

१४ जुलै: टाळ्या

या दिवसाची नोंद लांब आहे, कारण चूक मुलांची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती.

खेळ असा: किड्याचं नाव घ्यायचं आणि तुकड्या-तुकड्याला टाळी द्यायची. मुंगी: मुं-गी, दोन. भुंगा: दोन. इथपर्यंत ठीक. मग 'चतुर' आला. मोठ्यांच्या हातातल्या कार्डावर तीन अक्षरं, म्हणून त्यांच्या तीन टाळ्या. मुलांनी दोन दिल्या: च-तुर. मोठ्यांनी मुलांना थांबवलं, 'चऽ तुऽ रऽ' असं ताणून दाखवलं आणि तीन करायला लावल्या. 'डास' म्हटल्यावर मुलांची एक टाळी, मोठ्यांच्या दोन. 'नाकतोडा'ला मुलांच्या तीन, मोठ्यांच्या चार. दहा मिनिटांत मुलं टाळी देण्याआधी मोठ्यांच्या हाताकडे पाहू लागली. कान बंद झाले, नक्कल सुरू झाली.

मुलांचं बरोबर होतं. देवनागरीत प्रत्येक सुट्या अक्षरात 'अ' धरलेला असतो, पण मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही आणि मधलाही पुष्कळदा गाळतो. लिहिताना तीन अक्षरांचा 'काजवा' बोलताना काज्-वा असतो. वाळवी: वाळ्-वी. ढेकूण: ढे-कूण्. मधमाशी: मध्-मा-शी. सुरवंट लिहायला चार अक्षरी, बोलायला सुर्-वंट, दोन टाळ्या. ज्याला अजून वाचता येत नाही, तो हे अचूक ऐकतो. वाचता येणाऱ्याच्या कानावर अक्षरं बसलेली असतात.

ठरलं ते असं. टाळी बोलण्याला, खडा अक्षराला. सध्या फक्त टाळ्या. वाचनाची सुरुवात होईल तेव्हा त्याच शब्दाची अक्षरं खड्यांनी मोजायची आणि टाळ्या-खड्यांत फरक का येतो ते मुलांनाच शोधू द्यायचं.

शंका आली तर हनुवटीखाली तळहात आडवा धरायचा आणि शब्द नेहमीच्या वेगाने बोलायचा. हनुवटी जितक्यांदा खाली येते तितके तुकडे. 'डास' म्हणताना ती एकदाच हलते. शब्द ताणून म्हटला तर ही कसोटी खोटी ठरते, म्हणून वेग नेहमीचाच हवा.

'फुलपाखरू'वर दोन मतं पडली. घाईत बोललं तर फुल्-पाख्-रू, तीन. सावकाश बोललं तर 'ख' वेगळा ऐकू येतो आणि चार होतात. दोन्ही मान्य. मुलाने जसं म्हटलं तशा टाळ्या जुळल्या की झालं.

१६ जुलै: शब्दातून शब्द काढणं

जोडशब्दांवरचा खेळ. 'मधमाशी'तून 'मध' उडून गेला, काय राहिलं? रातकिडा, फुलपाखरू, पाणकिडा हेही घेतले. हातात दोन ठोकळे देऊन एक उचलून घेतला तर लगेच जमतं, नुसतं तोंडी विचारलं तर पुष्कळ मुलं पूर्ण शब्दच परत म्हणतात. 'नाकतोडा' शेवटी ठेवावा. 'नाक' काढल्यावर 'तोडा' उरतो आणि मुलं खरोखरचं नाक चाचपत बसतात, पुढचे शब्द राहून जातात.

पहिला आवाज ओळखण्याच्या टोपलीत एक गफलत. 'चिलट' आणि 'चावा' मोठ्यांनी एका टोपलीत घातले, कारण अक्षर 'च'. एका मुलाने 'चावा' बाहेर काढला. दोन्हींतला च वेगळा उच्चारला जातो, तेव्हा कानाने त्याने केलं तेच बरोबर. यादीतून 'चावा' वगळला.

२१ जुलै: एक आणि अनेक

किड्यांच्या नावांत मराठीचे बहुतेक अनेकवचनी साचे आपोआप सापडतात. किडा-किडे, मुंगी-मुंग्या, अळी-अळ्या, फुलपाखरू-फुलपाखरं, आणि न बदलणारे डास-डास, चतुर-चतुर. रोज ऐकलेला शब्द मूल पाठही करून ठेवतं, त्यामुळे नियम त्याच्या अंगवळणी पडला आहे का ते खऱ्या शब्दांवरून कळत नाही. भाषा-अभ्यासक जीन बेर्को यांनी १९५८ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी हीच अडचण मनानेच रचलेल्या प्राण्याचं नाव देऊन सोडवली होती. तीच युक्ती मराठीत केली. कागदाचे तीन बनावट किडे: टुमा, झिली, लापरू. 'हा एक टुमा. आता आणखी एक आला. आता इथे दोन...?' टुमे आणि झिल्या झटकन आले. 'लापरू'ला काहींनी 'लापरू'च म्हटलं. पण त्याआधी 'दोन फुलपाखरं' बोलून मग विचारलं तर 'लापरं' म्हणाली. म्हणजे साचा माहीत आहे, फक्त सरावातला नाही.

प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं तिथे मुलं अडखळतात: 'किडाचे पाय', 'फुलपाखरूचा रंग'. 'असं नाही म्हणायचं' हे वाक्य वापरायचं नाही. 'हो गं, किड्याचे पाय किती बारीक आहेत!' इतकं पुरतं. टोकलेलं मूल पुढच्या वेळी वाक्यच लहान करतं.

अळी आता हिरवी झाली आहे. पहिले काही दिवस ती काळपट, पांढऱ्या डागांची, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी होती. ब्रश लागला की डोक्यामागून नारिंगी दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांनी हे दिवसातून एकदाच पाहायचं. वारंवार डिवचलेली अळी खाणं थांबवते.

रोजचं काम: पान कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच आकृतीत ठेवायचं. किती कुरतडलं ते दिसतं आणि 'काल', 'आज', 'त्याच्यापेक्षा जास्त' हे शब्द मागावे लागत नाहीत. बरणीतली लेंडकं रोज काढायची, नाहीतर बुरशी.

२६ जुलै: कोश

अळीने आदल्या दिवशी खाणं थांबवलं आणि बरणीभर फिरत राहिली. ही आजारी नाही, जागा शोधतेय, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. बरणीत एक उभी काडी असायलाच हवी. शेपटीचं टोक काडीला चिकटवून, कमरेभोवती रेशमी धागा बांधून ती तिरकी टेकली आणि आज कोश झाला. कोशाला पाणी घालायचं नाही, जागा बदलायची नाही.

कोशाच्या दिवसांत काही हलत नाही, म्हणजे क्रियापदंही आटतात. या दिवसांसाठी 'वाटतं' आणि 'असेल' राखून ठेवले होते. 'आत काय करत असेल?' यावर आलेल्या उत्तरांपैकी एक: 'पंख शिवत असेल, म्हणून दार लावलंय.' 'म्हणून' जोडून बोललेलं या मुलाचं वहीतलं हे पहिलं वाक्य.

२९ जुलै: नादाचे शब्द

भुणभुण, किर्र, फडफड, तुरुतुरु, टुणकन, लुकलुक. एका सत्रात तीनच घ्यायचे, चौथा घेतला की नुसता गोंगाट होतो. एक मूल शब्द म्हणतं, दुसरं तशी हालचाल करतं, तिसरं किडा ओळखतं. 'रातकिडा ओरडतो' असं मुलं म्हणाली. तो तोंडाने ओरडत नाही, नर पंखावर पंख घासतो. दोन कंगवे एकमेकांवर घासून दाखवले. 'घासणे', 'खरवडणे', 'चोळणे' यांतला फरक तिथे हातानेच कळला.

५ ऑगस्ट: फुलपाखरू

आदल्या दिवशी कोशाचा रंग गडद झाला आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागली. त्याच दिवशी बरणी मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणली. सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. पंख चुरगळलेले, ओले, बोटाच्या पेराएवढे. काडीला लोंबकळण्याइतकी जागा नसेल तर ते पंख वाकडेच वाळतात आणि फुलपाखरू कधीच उडत नाही. म्हणून काडीभोवती आणि खाली पंख पूर्ण पसरतील इतकी मोकळी जागा ठेवावी. पंख पसरल्यावर खाली रंगीत पाण्याचे थेंब पडले. ते रक्त नव्हे, कोशातला साठलेला मळ. हे आधी सांगितलं नाही तर एखादं मूल रडतं. दोन-तीन तास पंख वाळू दिले आणि दुपारी बाहेर सोडलं.

लिंगाची गंमत इथे पूर्ण झाली. एकच जीव, पण अंडं होतं, अळी होती, कोश होता, फुलपाखरू झालं. ते, ती, तो, ते. मराठीची तिन्ही लिंगं एकाच जिवाच्या वाट्याला. चार चित्रं ओळीने लावून 'काय करायचं/करायची/करायचा?' विचारलं: अंडं चिकटून बसायचं, अळी खायची, कोश लटकायचा, फुलपाखरू उडायचं. नियम एकदाही सांगितला नाही. 'अळी कोश झाली की झाला?' असा प्रश्न मात्र एका मुलीने विचारला. उत्तर देण्याऐवजी गटालाच विचारलं. 'अळीचा कोश झाला' हे वाक्य मुलांनीच जुळवलं.

८ ऑगस्ट: सांगणं आणि लिहून घेणं

प्रत्येकाने एक चित्र काढायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. मोठ्याने ती शब्दशः लिहायची आणि बोट फिरवत वाचून दाखवायची. वाक्य सुधारून लिहिलं तर मूल ओळखतं आणि म्हणतं, 'मी असं नव्हतं म्हटलं.' आपलं बोलणं कागदावर राहतं आणि तेच परत वाचलं जातं, हा विश्वास इथेच बसतो किंवा मोडतो.

घडून गेलेलं सांगताना 'खाणे'सारख्या क्रियापदांसोबत 'ने' येतो: अळी पान खाते, पण अळीने पान खाल्लं. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या दोघांनी 'अळी पान खाल्ली' म्हटलं. त्यांच्यासाठी खेळ: 'कोणी खाल्लं?' या प्रश्नाला नुसतं 'अळीने', 'मुंगीने', 'टोळाने' असं उत्तर. एका शब्दाचं उत्तर मुद्दाम मागायच्या या प्रकल्पातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. त्यातलं एक मूल डासाला घरी मच्छर म्हणतं. भिंतीवरच्या चित्राखाली दोन्ही शब्द लिहिले.

चित्रांत बहुतेकांनी पाय पोटाला जोडले. खरे सहाही पाय मधल्या भागाला असतात. चित्र दुरुस्त केलं नाही, भिंग आणि मुंगी परत समोर ठेवली.

१२ ऑगस्ट: पुढच्या गटासाठी

नावांच्या कार्डांवर मागच्या बाजूला बोलण्यातले तुकडे लिहून ठेवले, म्हणजे मोठ्यांची टाळी चुकणार नाही. 'काय करतेय?' आणि 'मग?' हे दोन प्रश्न बरणीवरच चिकटवले. लापरू या नावाचं आणखी एक भावंड हवं: गिटरू. कोशाचं रिकामं साल काडीसकट डबीत जपून ठेवलं आहे. नव्या गटाला पहिल्या दिवशी तेच दाखवायचं, काही न सांगता, आणि पाच मोजायचे.